मिश्र चित्र आणि विवेकबुद्धी

कामठ्यासारख्या गावी एखाद्या ख्रिस्ती घरचे मूल चित्रकलेच्या वर्गास जाऊ लागले, आणि तेथे त्यास निरनिराळे पदार्थ एकत्र करून चित्र करावयास सांगितले, म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. अशा चित्रात केवळ रंग नसतो. कागदाचे व कापडाचे तुकडे, धानाचे तणस, तेंदूची पाने, माती, हळद आणि कुंकूही त्यात येते. चित्र काढणे मुळात योग्य आहे काय, आणि ज्या कुंकवाने शेजारी आपल्या देवाची पूजा करितो ते आमच्या मुलाने हाती धरावे काय, असे कोणी वडील विचारील. हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्यांनी मूर्ती सोडताना आप्त व मानही सोडला, त्यांस तो विचारण्याचा अधिकार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निर्गमाच्या पुस्तकातच आहे. ज्या देवाने मूर्ती करून तिच्या पाया पडण्यास मनाई केली, त्यानेच कोशावर सोन्याचे करूब करण्याची आज्ञा दिली, आणि निवासमंडपाच्या कामाकरिता बसालेलास आपल्या आत्म्याने भरिले. त्या कामात सोने, पितळ, बाभळीचे लाकूड, निळे व किरमिजी सूत, बकऱ्यांचे केस आणि मेंढ्यांची कातडी ही सर्व एकत्र आली. धनवानाने सोने दिले, स्त्रियांनी केस कातून दिले. मंडप एकच झाला. इ. स. १९१२ साली पिकासो ह्या चित्रकाराने चित्रावर मेणकापड चिकटवून भोवती दोरी बसविली, तेव्हा युरोपात ती नवी रीत वाटली. पण हलके व भारी पदार्थ एका कामी लावणे हे आमच्या शास्त्रात जुनेच आहे. पुढे मोशेने केलेला पितळेचा साप हिज्कीया राजाने फोडून टाकिला, कारण लोक त्यापुढे धूप जाळू लागले होते. पितळ तेच होते; माणसांची मने बदलली होती.

आता कुंकवाविषयी. जी हळद आमच्या वरणात पडते, तिच्यातच चुना मिसळला म्हणजे ती लाल होते. ह्यात पाप कोठे शिरले? भुकटीत तर नाहीच. गोव्यात १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका हे शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांजजवळ शिकले, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी मरीयेस साडी नेसविलेली चित्रे काढिली. स्वधर्मीयांपैकी पुष्कळांस ती रुचली नाहीत. तथापि साडी ही कोणा देवाची नव्हे, ती ह्या देशातील आईची आहे.

परंतु पदार्थ निर्दोष आहे एवढ्याने प्रश्न संपत नाही. मूर्तीस वाहिलेल्या अन्नाविषयी पौलाने करिंथकरांस हेच शिकविले, की मूर्ती काहीच नव्हे हे ज्ञान खरे असले तरी अशक्त बंधूस अडखळविणारे ज्ञान प्रीतीचे नव्हे. म्हणून मंडळीत नुकताच आलेला कोणी कुंकू पाहून व्याकूळ होत असेल, तर मुलाने गेरू घ्यावा. त्यात चित्राची हानी नाही. गेरूचा तांबडा रंग उन्हातही टिकतो. मात्र आक्षेप घेणाऱ्यानेही आपल्या अस्वस्थतेस देवाची आज्ञा समजून दुसऱ्यास पापी ठरवू नये. आणखी एक गोष्ट आम्ही बहुधा विसरतो. कुंकू हे शेजारणीच्या कपाळीचे भूषण आहे. ते केरकचऱ्याबरोबर कागदावर चिकटविलेले पाहून तिला दुःख होईल, तर तेही टाळावे. हे तिच्या देवाचे भय नव्हे, तिच्यावरील प्रीती होय.

ह्यास्तव उपदेशक बंधूंनी मनाई करण्यापूर्वी वर्गात जाऊन पाहावे. चित्र कशाचे केले एवढेच न विचारता ते कशाकरिता केले आणि त्याने कोण दुखावेल, हेही विचारावे. मूल सरळ मनाने तणस व चिंध्या जोडून आपल्या गावाचे चित्र करीत असेल, तर त्यास आशीर्वाद द्यावा. चित्र भिंतीवर खुशाल असो. गुडघे मात्र देवापुढेच टेकोत.