उजवा हात, वरून खाली

गिटार गळ्यात घ्या. पट्टा सैल सोडा. गिटार खाली येऊ द्या, पार मांडीपर्यंत.

अँप सुरू करा. वाजवू मात्र नका.

ऐका. बारीक घरघर येते आहे. व्हॉल्व्ह तापताहेत.

श्वास घ्या. सावकाश सोडा. घरघर आहे तशी राहू द्या.

१९७६ सालचा फेब्रुवारी. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीत प्लाझा साउंड हा स्टुडिओ आहे. तिथे रमोन्स आपली पहिली रेकॉर्ड करताहेत. गिटारवर जॉनी रमोन. त्याची गिटार मोसराइट, आणि मंचावर त्याच्या पाठीशी मार्शलचे अँप.

त्या रेकॉर्डमध्ये एका कानात बास आहे, दुसऱ्या कानात गिटार. हेडफोन लावा. बासच्या बाजूचा कान मोकळा करा.

आता गिटार ऐका. नुसती गिटार.

आधी सगळं सलग वाटतं. उजळ, खरखरीत, न थांबणारं.

घाई नको. ऐकत राहा.

हळूहळू ते सुटं होऊ लागतं. फटका. फटका. फटका. प्रत्येक फटका वरून खाली. प्रत्येक वेळी जाड तार आधी, बारीक तार शेवटी. म्हणून प्रत्येक फटक्याचं वजन सारखं.

आणि मधे?

मधे हात वर जातो. तारांना न शिवता. मुसळ उचलावं तसा, बिनआवाज.

या वर जाणाऱ्या हाताकडे बघत राहा. मला या आवाजात सगळ्यात प्रिय तोच आहे. तो ऐकू येत नाही, पण ताल त्याच्यावर उभा आहे.

डाव्या हाताची तर्जनी पाचव्या पट्टीवर आडवी ठेवा. बाकीची बोटं ए मेजरवर. सहाही तारा नीट दाबल्या आहेत ना? बोटाखालची तार जाणवू द्या. तिचा गारवा, तिची धार.

पिक जाड तारेवर टेकवा.

थांबा. श्वास.

खाली.

आवाज विझेपर्यंत दुसरा फटका नको. अँप मोठं ठेवलं आहे, त्यामुळे ध्वनिलहरींचे शेंडे त्यात मावत नाहीत, चपटे होतात. त्यातूनच, तुम्ही न वाजवलेले बारीक वरचे सूर उमटतात. कान तिकडे न्या. आहेत. अजून आहेत. आता विरले.

पुन्हा. खाली.

हात वर, रिकामा. खाली.

खांदा सैल सोडा. दात आवळले असतील तर तेही. हलायचं आहे फक्त मनगटाला.

जॉनीचा हात सेकंदाला पाच-सहा वेळा खाली येतो. तुम्ही आज एकदाच आणा. मग दोनदा. मनगट भरून आलं की थांबा, हात झटका, पुन्हा सावकाश सुरू करा.

आता डावा हात तसाच दोन पट्ट्या पुढे सरकवा. उजवा थांबवू नका.