गोळी कुठे थांबणार?

अमेरिकेत स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेताना वाद रंगतो तो ९ एमएम की .४५ यावर. .४५ची गोळी जाड. ९ एमएमचा झटका कमी, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त. त्याहून अवघड प्रश्न गोळीच्या टोकाचा आहे.

शरीरात शिरून फुलणारी गोळी १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात निषिद्ध ठरवली. घरासाठी मात्र पोकळ टोकाची, फुलणारी गोळीच सुचवतात. कारण ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागण्याचा धोका कमी. म्हणजे मागच्याला वाचवण्यासाठी समोरच्याची जखम वाढवायची.

हा हिशेब मला पटतो, पण नेम लागला तरच. चुकला, तर तीच गोळी पातळ भिंत भेदून पलीकडे जाते. तिथे कोण झोपलंय, हे कॅलिबरच्या आधी विचारायला हवं.