शिल्लक

पुण्यात नोकरीला असलेली कोल्हापूरची एक मुलगी होती. पहिल्या बोनसमधून तिनं स्कूटर घेतली. नेहमीची सव्वाशे सीसीची नव्हे, यामाहाची एरॉक्स. १५५ सीसी, लिक्विड कूल्ड इंजिन, १४ इंची चाकं. हिंजवडीच्या गर्दीत ती गाडी ताशी वीसनं सरकायची आणि सिग्नल सुटला की सगळ्यांच्या पुढं निघायची. दिवाळी जवळ आली, खासगी बसची तिकिटं नेहमीप्रमाणे दुप्पट झाली, तेव्हा मुलीनं ठरवलं की यंदा घरी गाडीवरच जायचं.

मामा पुण्यातच राहायचा. त्याच्याकडं साडेतीनशे सीसीची बुलेट. भाचीचा बेत ऐकून तो म्हणाला, "हायवेवर स्कूटर? त्यापेक्षा रिक्षा घेऊन जा. निदान डोक्यावर छत तरी राहील."

नेमके त्याच आठवड्यात मुलीचे बाबा एका लग्नासाठी पुण्यात आले होते. बँकेतून निवृत्त झालेले, मोजून बोलणारे. पण स्कूटरचा विषय निघाल्यावर त्यांना राहवलं नाही. "अरे, मी चेतकवर हिच्या आईला घेऊन पुणे-कोल्हापूर केलंय. पुढं पायाशी सूटकेस, मागं स्टेपनी. खंबाटकी चढून आलं की प्लग काढायचा, पुसायचा आणि पुढं निघायचं. ती दीडशे सीसीची आणि दहा इंची चाकांची. हिची तर तिच्यापुढं राजेशाही आहे."

"दाजी, तो काळ गेला," मामा म्हणाला.

"गाडीला काळ नसतो, चालवणाऱ्याला असतो," बाबा म्हणाले.

दोघंही आपलं सोडेनात. शेवटी मुलगी दोघांना घेऊन कात्रजच्या मिस्त्रीकडं गेली. हा मिस्त्री कमी बोलायचा आणि काम झाल्यावर जुना पार्ट हातात ठेवायचा. त्यामुळं त्याच्याकडं कायम गर्दी असायची.

"मिस्त्री, ही गाडी हायवेला चालेल का?" मुलीनं विचारलं.

"किती जणं जाणार?"

"मी एकटीच. म्हणजे बाबा मागं बसतो म्हणतायत."

"सामान?"

"दोन बॅगा. आणि फराळाचा डबा."

"निघणार किती वाजता?"

याचा कुणी विचारच केला नव्हता. मामा आणि बाबा तासभर भांडले होते ते गाडी किती पळते यावर. ती कशासाठी, कुणाला घेऊन, कुठल्या वेळी पळायची आहे, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. गाड्यांबद्दलची आपली निम्मी भांडणं अशीच असतात.

मिस्त्रीनं टायरची हवा तपासली, बेल्टचं झाकण उघडून बेल्ट पाहिला, आणि म्हणाला, "रविवारी पहाटे खेड शिवापूरच्या पुढं जा. रस्ता मोकळा असतो. साठवर गाडी स्थिर ठेवा, मग मूठ पूर्ण पिळा आणि बघा कशी उचलते. तसंच सत्तरवर. तसंच ऐंशीवर. आधी एकटीनं, मग काकांना मागं बसवून. ऐंशीच्या वर जाऊ नका. चौपदरी हायवेला दुचाकीची मर्यादाच ऐंशी आहे. मग मला येऊन सांगा."

रविवारी तिघं गेले, मामा अर्थातच बुलेटवर. साठवर पिळलं तशी स्कूटर उसळली आणि आकडा बघता बघता सत्तरच्या पुढं गेला. सत्तरवरही बरी उचलली. ऐंशीजवळ मात्र आवाज वाढला आणि आकडा जड झाला. मग बाबा मागं बसले, मध्ये बॅग ठेवली. आता सत्तरवर पिळलं तर इंजिन नुसतंच ओरडायचं आणि आकडा एकेक करत सरकायचा. कापूरहोळच्या अलीकडं एका कंटेनरला ओलांडायची वेळ आली. कंटेनर साठ-पासष्टनं चालला होता. अर्धा कंटेनर मागं पडला आणि आरशात एक व्हॉल्वो दिसू लागली. मुलीनं मूठ तळाला नेली. पुढं द्यायला गाडीकडं काही उरलंच नव्हतं. कंटेनरची चाकं कितीतरी वेळ तिच्या डाव्या गुडघ्याशेजारी फिरत राहिली. ती पुढं निघून डावीकडं आली, तोवर व्हॉल्वो हॉर्न देत शेजारून गेली. तिच्या वाऱ्यानं स्कूटर आधी डावीकडं ढकलली, आणि बस पुढं सरकल्याबरोबर उजवीकडं ओढली. बाबांनी मुलीच्या खांद्यावरचा हात काढला नाही. चेतकचं नावही काढलं नाही.

"सांगा," मिस्त्री म्हणाला.

मुलीनं सगळं सांगितलं. मिस्त्रीनं हात पुसले.

"काका, तुम्ही बँकेत होता. खात्यात किमान शिल्लक ठेवायला लावायचात ना लोकांना? गाडीचंही तेच. तुम्ही चालवता तो वेग म्हणजे खर्च. पिळल्यावर जे निघतं ती शिल्लक. हायवेवर जीव वाचतो तो शिलकीवर. ओलांडताना, वारा लागल्यावर, चढावर, समोरून कुणी उलट्या दिशेनं आला तर. ही गाडी एकटीला पासष्टवर भरपूर शिल्लक ठेवते. सत्तरवर थोडी. दोघं आणि सामान घेतलं की सत्तरवरच खातं रिकामं होतं."

"पण कंपनी म्हणते की ती शंभरच्या पुढं जाते," मुलगी म्हणाली.

"जाते की. पण वारा फुकट सोडत नाही. वेग दीडपट केला की नुसत्या वाऱ्याला सारायला लागणारी शक्ती तिपटीहून जास्त होते. म्हणून साठवर मजेत चालणारी गाडी नव्वदवर दम खाते. इंजिन बिघडलेलं नसतं, सगळं वाऱ्यात गेलेलं असतं."

बाबांना एक गोष्ट मात्र पटेना. "मग माझी चेतक कशी गेली? तिच्यात तर हिच्या निम्माही दम नव्हता."

"काका, तेव्हा रस्ता दुपदरी होता. ट्रक चाळीस-पन्नासनं चालायचे, एसटीही त्यांच्याच मागं. तुम्हीही पन्नासनं. सगळा रस्ता एका चालीनं चालला होता, त्यामुळं तुमच्या मागून कुणी दुप्पट वेगानं यायचंच नाही. सुवर्ण चतुष्कोनात चौपदरी झाला आणि कार शंभरनं धावू लागल्या. स्कूटर पूर्वीपेक्षा चांगली झाली, पण रस्ता तिच्याहून जास्त बदलला. आता धोका आहे तो तुमच्या आणि मागच्याच्या वेगातल्या फरकाचा."

मामा हे ऐकून खूश झाला. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. हायवेला बुलेटच पाहिजे."

"दादा, तुम्ही बुलेट किती चालवता?"

"आरामात शंभर."

"उद्या त्या शंभरावर पिळून बघा किती उचलते. तुमचंही खातं रिकामंच असतं. फक्त गाडी जड आहे, चाकं मोठी आहेत, म्हणून कळत नाही. पासष्टनं जाणाऱ्या ताईंच्या हाताशी जेवढं आहे, तेवढं शंभरवर तुमच्याकडं नाही."

मामा गप्प बसला. मला विचाराल तर या कथेतलं सगळ्यात कामाचं वाक्य हेच आहे, आणि ते स्कूटरवाल्यांपेक्षा मोटारसायकलवाल्यांनी जास्त ऐकावं.

मग मिस्त्रीनं मुलीला चार गोष्टी सांगितल्या. पहाटे उजाडल्यावर निघायचं आणि दिवसाउजेडी पोचायचं. टायर थंड असताना हवा भरायची. खंबाटकीच्या उताराला माथ्यावरच वेग कमी करायचा, कारण गिअरच्या गाडीसारखं इंजिन इथं फारसं धरून ठेवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. एकच ब्रेक सतत दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐनवेळी ढिला पडतो. दर तासाला उतरायचं. स्कूटरवर पाय हलवायला जागा कमी, सगळं वजन माकडहाडावर येतं, आणि कंबर धरली की माणूस नकळत घाई करू लागतो.

"आणि टाकी साडेपाच लिटरची आहे," तो म्हणाला. "लिटरला चाळीस धरलं तर कोल्हापूरच्या थोडं अलीकडंच टाकी संपेल. काठावर चालायचं नाही. कराडच्या आधी भरून घ्या."

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मुलगी एकटीच निघाली. बाबा एसटीनं गेले आणि दोन्ही बॅगा त्यांच्याबरोबर गेल्या. मुलीच्या डिकीत रेनकोट, पंक्चरचं किट आणि फराळाचा डबा. वेग पासष्टवर ठेवून ती डाव्या लेनमधून चालली होती. आपल्याकडची डावी लेन म्हणजे निवांत जागा अशी तिची समजूत होती, ती सुरूर फाट्यापर्यंत टिकली. डाव्या लेनमध्ये उलट्या दिशेनं येणारे मोटारसायकलवाले असतात, बस थांबवण्यासाठी हात करत रस्त्यावर आलेली माणसं असतात. कराड सोडल्यावर उसाच्या ट्रॉल्या लागल्या. दोन ट्रॉल्या एका ट्रॅक्टरला जोडलेल्या, मागं ना दिवा ना लाल पट्टी, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला. पेठ नाक्याजवळ अशाच एका जोडीला ओलांडायचं होतं. तिनं आरशात पाहिलं, उजवी लेन मोकळी होईपर्यंत थांबली, मग मूठ पिळली. पासष्टवरून गाडी झटकन उचलली गेली आणि दोन्ही ट्रॉल्या मागं पडल्या. तिनं पुन्हा वेग खाली आणला.

सकाळी सहाला निघालेली मुलगी बारा वाजायच्या आत कोल्हापुरात पोचली. सुमारे २३० किलोमीटर. मामा दुसऱ्या दिवशी बुलेटवर आला आणि त्याला तिच्यापेक्षा तासभर कमी लागला. येताना त्यानं शंभरवर पिळून पाहिलं होतं, पण काय झालं ते सांगितलं नाही. जेवताना एवढंच म्हणाला की जाताना ऐंशीनं जाईन.

परतीच्या वेळी मुलीची मैत्रीण म्हणाली, मीही येते तुझ्याबरोबर, डबलसीट जाऊ. मुलीनं तिला एसटीचं तिकीट काढून दिलं. मैत्रीण चिडली. "एवढी महागाची गाडी घेतलीस आणि दोघी जाऊ शकत नाही?" कोल्हापूर शहरात दोघी रोज फिरत होत्या, पन्हाळ्यालाही जाऊन आल्या होत्या. पण हायवेवर दोघींना घेऊन जायचं तर गाडी पन्नास-पंचावन्ननं न्यावी लागली असती, आणि त्या वेगानं मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या वाटेत राहणं तिला नको होतं.

मध्यम स्कूटर घ्यायला निघाला असाल तर शोरूममध्ये "किती पळते" हे विचारू नका. टेस्ट राइडची गाडी मागा, ज्याला घेऊन प्रवास करणार आहात त्याला मागं बसवा, मोकळा रस्ता गाठा आणि साठवर, सत्तरवर पिळून बघा. एकट्यानं, दिवसा, पासष्टच्या आसपास चालायची तयारी असेल तर दोनशे-अडीचशे किलोमीटरला ही गाडी पुरते. दोघं, सामान आणि ऐंशीचा हट्ट असेल तर पुरत नाही. आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग डोळ्यांसमोर ठेवून गाडी घेत असाल तर तो हिशेब आताच सोडून द्या. तिथं दुचाकीला प्रवेशच नाही, मग ती कितीही सीसीची असो.