हात लावू का?

"मामा, हात लावू का?"

भाचीनं हे विचारलं तेव्हा आम्ही नागपुरात होतो. गांधीसागर तलावाजवळ रमण विज्ञान केंद्र आहे, तिथं. सकाळच्या लाल गाडीनं शेलूबाजारहून निघालो, कारंज्याला गाडी बदलली आणि दुपारी पोचलो. समोर एक यंत्र. दांडा फिरवला की दिवा लागतो. बाकीची पोरं दांड्यावर तुटून पडलेली. ही मात्र हात पाठीमागं बांधून उभी. नऊ वर्षांची पोरगी, सतराचा पाढा न अडखळता म्हणते.

"लाव ना. तुले कोण नाही म्हणते?"

"आजी म्हणते ना. कोठी बी गेलं तं हात लावू नको म्हणते."

आजी म्हणजे माझी आई. तिला दोष देऊन मी सुटत नाही. किराणा दुकानात, बँकेत, गावातल्या मोठ्या घरच्या लग्नात, "हात लावू नको" हे मीही म्हणतो. मी मास्तर माणूस. आमच्या पोरांना अस्पृश्यता शिकवायला आता मनू यायची गरज नाही. ते काम आम्ही घरीच करतो. भीतीनं करतो, मायेनं करतो, पण करतो.

त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यात आहे. हात लावणं म्हणजे काय? आणि हात लावून बघायची मुभा दिली, म्हणजे ज्ञान दिलं का?

जुनी म्युझियमं आपण पाहिली आहेत. काचेची पेटी, आत तलवार, बाहेर पाटी : हात लावू नये. ही पाटी उलटी करणारा एक माणूस होता, फ्रँक ओपेनहायमर. ज्यानं अणुबॉम्ब बनवला त्याचा धाकटा भाऊ. ह्यानंही त्या कामात हातभार लावलेला. पुढं कम्युनिस्ट होता म्हणून 1949 साली त्याची विद्यापीठातली नोकरी गेली. शास्त्रज्ञ माणूस कोलोरॅडोत गुरं पाळत बसला. मग शाळेत शिकवू लागला आणि 1969 साली सॅन फ्रान्सिस्कोला त्यानं 'एक्स्प्लोरेटोरियम' काढलं. तिथली प्रत्येक वस्तू हाताळण्यासाठीच मांडलेली. तीच तऱ्हा मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात 1985 साली आणि नागपुरात 1992 साली आली. वाळीत टाकलेल्या, गुरं राखलेल्या माणसाच्या हातून हे घडलं, याचं मला फारसं नवल वाटत नाही.

पण अमेरिकेत "हात लावू नये" ही पाटी वस्तूवर होती. आमच्याकडे ती माणसावर होती.

बाबासाहेबांच्या शाळेतली गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गुरुजींनी गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं आणि वर्गात गलका झाला. फळ्यामागं सवर्ण पोरांचे जेवणाचे डबे होते. पोरं आधी डबे हलवायला धावली, मग भीमराव फळ्यापाशी गेले. गणित येत होतं. प्रश्न गणिताचा नव्हताच, हाताचा होता. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्यावर लोक गेले, ते काय पाण्याची चव कळावी म्हणून?

माझ्या आजीला विहिरीवरची कप्पी पाठ होती. दुरून. दोर कसा सुटतो, भरलेली बादली वर येताना चाक कसं कुरकुरतं, कोणत्या बाईचा हात कधी सैल पडतो, सगळं. कोणी वरून पाणी ओतेल म्हणून ती तासन् तास उभी राहायची. जन्मभर कप्पी पाहिली, पण दोर हातात आला नाही. पुस्तकात कप्पी ही 'साधं यंत्र' म्हणून येते. साधं कोणासाठी?

आता दुसरी बाजू. काही वस्तूंना आम्ही शिवायचं नाही, तसं काही वस्तूंना आम्हीच शिवायचं. मेलेलं ढोर आमच्या आज्यानं ओढलं, फाडलं. फुप्फुस कुठं, आतडं किती वाव लांब, कोणत्या रोगात काळीज कसं दिसतं, हे त्याला ठाऊक. हे शरीरशास्त्र नाही तर काय? पण त्याची वही झाली नाही, शाळा झाली नाही. नुसता वास राहिला.

ज्यांच्या नावानं नागपूरचं केंद्र आहे त्या चंद्रशेखर व्यंकट रामन यांना 1930 साली प्रकाशाच्या संशोधनासाठी नोबेल मिळालं. त्याच्या आधी 1920 साली त्यांनी मृदंग-तबल्याच्या नादावर शोधलेख लिहिला होता. साध्या ढोलाचे स्वर एकमेकांशी नीट जुळत नाहीत. कातड्याच्या मधोमध काळा लेप दिला की ते जुळतात, असं त्यांनी दाखवलं. थोर काम. पण तो लेप थरावर थर देऊन, घासून, कान लावून पहिल्यांदा जुळवला कोणी? टी. एम. कृष्णा यांनी 2020 साली मृदंग बनवणाऱ्यांवर पुस्तक लिहिलं, त्यातले कारागीर बहुतेक दलित ख्रिस्ती. त्या काळ्या लेपाला आपल्याकडे शाई म्हणतात. कातड्यावरची शाई एकाची, कागदावरची दुसऱ्याची. रामन यांचा यात दोष नाही, ते तर स्वतः हातानं करून बघणारे. दोष त्या वाटणीचा, जिनं हात एका जातीला दिले अन् लेखणी दुसऱ्या जातीला.

इथं काही विद्वान मित्र खूश होऊन म्हणतात, बघा, तुमच्याकडं केवढं पारंपरिक ज्ञान होतं, ते जपा. मला राग येतो. बाबासाहेबांनी ढोर ओढणं सोडा म्हटलं, आम्ही सोडलं. गावानं बहिष्कार घातला, उपाशी राहिलो, तरी सोडलं. ढोरासोबत ते ज्ञानही गेलं, आणि मला त्याचं दुःख नाही. जे ज्ञान टाकून देण्याची सोय नाही ते ज्ञान नव्हे, बेडी. 2013 चा कायदा हातानं मैला साफ करून घेऊ नका म्हणतो. तरी गटारात उतरून माणसं मरतात. त्यांनाही वायूबद्दल पुष्कळ कळतं, मरण्याआधी काही क्षण.

म्हणून मी असं मानतो : ज्या हाताला मनाई नाही आणि ज्या हातावर सक्तीही नाही, तोच शिकू शकतो. आमच्या हाताला कायम दोन्हींपैकी एक होतं. भाचीनं शेवटी दांडा धरला. आधी हळू, मग जोरात. दिवा लागला तशी तिनं दांडा सोडला, दिवा विझला. पुन्हा फिरवला, पुन्हा सोडला. लावण्यापेक्षा विझवण्यात तिला जास्त गंमत वाटत होती. कोणी "पुरे" म्हटलं नाही. कोणी जात विचारली नाही. काम म्हणून कोणी ते तिच्याकडून करून घेत नव्हतं. आमच्या घराण्यात असा हात बहुधा पहिलाच.

ह्या केंद्रांची किंमत मी एवढी मानतो. जास्त नाही. पोरं बटण दाबतात अन् उत्तर यायच्या आत पुढच्या बटणाकडं पळतात, हे मी पाहिलं. स्पर्श झाला, समज आली नाही. आतलं उघडून बघायची सोयही नाही. यंत्र बिघडलं तर ते दुरुस्त होताना पोरांना दिसत नाही, आणि खरं शिकणं तर तिथंच असतं. शिवाय तिकीट आहे, दिवसाची मजुरी बुडते. शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला. 2022 च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी रस्ता खुला झाला. त्या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. आमच्या वस्तीत चारचाकी किती, ते विचारू नका.

मग वाट बघायची का? पुण्याला आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं काड्यापेटी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, रिकाम्या बाटल्या यांतून विज्ञान उभं केलं. भंगार आमच्याकडं कमी नाही.

आम्ही काही जणांनी ठरवलं आहे की विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की एक टेबल मांडायचं. पाटी लावायची नाही. पोरांनी उघडावं, जोडावं, मोडावं. मोडलेल्याचे पैसे कोण देणार यावर पहिल्याच बैठकीत भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. आईनं विचारलं, "पोरीले करंट लागला तं?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून सध्या फक्त बॅटरीचे सेल.

आतापर्यंत जमलं ते असं : पंख्याची जळकी मोटर एक, सायकलचा डायनामो एक, फुटक्या स्पीकरमधले लोहचुंबक तीन, न्हाव्याकडचा जुना आरसा. दोरखंड आहे, कप्पी नाही. कोणाकडं असली तर आणून द्यावी.