घराची पात्रता आणि मीमांसेतील अधिकारविचार

पूर्वमीमांसेत ‘अधिकार’ ही संज्ञा सत्तेसाठी नव्हे, तर एखाद्या कर्माच्या फळाची इच्छा असलेला आणि ते कर्म तडीस नेण्यास समर्थ असलेला कर्ता कोण, या निर्णयासाठी वापरली जाते, आणि जैमिनीच्या सूत्रांचा सहावा अध्याय या निर्णयालाच वाहिलेला आहे. इंग्लंडमधील जुन्या घरात गॅसचा बॉयलर काढून हीट पंप, म्हणजे बाहेरच्या थंड हवेतील उष्णता विजेच्या बळावर उपसून घरात आणणारे यंत्र, बसवता येईल का, याची जी तपासणी होते तीही एका अर्थी अधिकारनिर्णयच असल्याने, अपात्रता वस्तूच्या स्वभावात असते की तिच्यापुढे ठेवलेल्या अपेक्षेतून जन्मते, हा जुना वाद तेथे आकड्यांत तपासता येतो.

एकोणिसाव्या शतकात ओळीने बांधलेल्या तेथील विटांच्या घरांची भिंत सुमारे 23 सेंटिमीटर जाडीची आणि मध्ये पोकळी नसलेली असते. अशी 10 चौरस मीटर भिंत, आत 21 अंश आणि बाहेर उणे 2 अंश असताना, दर चौरस मीटरला अंशामागे 2 वॅट या हिशेबाने 460 वॅट उष्णता बाहेर घालवते. खिडक्या, छत आणि फटींतून निसटणारी हवा यांचा असाच हिशेब खोलीगणिक मांडून झाला की तपासनीस रेडिएटरकडे वळतो, त्याची लांबी, उंची आणि पत्र्यांचे पदर मोजतो, कारण सरासरी 70 अंशांच्या पाण्यावर 1000 वॅट देणारा रेडिएटर 40 अंशांच्या पाण्यावर जेमतेम 300 वॅट देतो, आणि हीट पंप मात्र पाणी जितके कोमट तितका काटकसरीने चालतो. ‘हे घर अयोग्य आहे’ या निवाड्याचा अर्थ पुष्कळदा एवढाच निघतो की दिवाणखान्यातला रेडिएटर लहान आहे. गारठ्याच्या आठवड्यात आहे त्याच बॉयलरचे पाणी 50 अंशांवर आणून घर उबदार राहते का हे पाहणे, ही याच प्रश्नाची बिनखर्ची परीक्षा होय.

मुळातली अपात्रता आणि दूर करता येण्याजोगी अपात्रता यांतला हा भेद मीमांसकांनी ओळखला होता. निर्धनाला यज्ञाचा अधिकार नाही या पूर्वपक्षाला, म्हणजे खंडनासाठी आधी मांडलेल्या मताला, त्यांचे उत्तर असे की धन मिळवता येते, म्हणून त्याचा अभाव अधिकार हिरावत नाही. बरे होण्याजोग्या शारीरिक वैगुण्यालाही त्यांनी हाच न्याय लावला. त्याच अध्यायात शूद्राला मात्र जन्मावरूनच वगळले आहे, आणि सामर्थ्याची इतकी बारीक चिकित्सा करणाऱ्या शास्त्राने तेथे ती चिकित्सा सोडून दिली, हे त्याच्या तर्काला लाजिरवाणेच म्हटले पाहिजे. ब्रिटनमध्ये 742 हीट पंप निरनिराळ्या वयाच्या आणि बांधणीच्या घरांत बसवून झालेल्या सरकारी प्रयोगातून, कोणताही गृहप्रकार मुळातच अयोग्य नाही, असा निष्कर्ष निघाला. घराचे ‘कुळ’ पाहून नकार देण्याची सवय तेथेही होतीच.

पात्रता आधी की उपदेश आधी, हा प्रश्न याहून अवघड आहे. ब्रह्मजिज्ञासेपूर्वी विवेक, वैराग्य, शमदमादी सहा गुण आणि मुमुक्षुत्व, म्हणजे मोक्षाची ओढ, हे साधनचतुष्टय हवे, असे शंकराचार्य सांगतात. इंग्लंड आणि वेल्समधील अनुदानाचीही अशीच अट होती की ऊर्जा-प्रमाणपत्रात सुचवलेले पोटमाळ्याचे किंवा पोकळ भिंतीचे उष्णतारोधन आधी उरकावे, मगच 7,500 पौंडांसाठी अर्ज करावा. 2024 मध्ये ती अट काढली गेली. भिंत सुधारली तर लहान पंप पुरतो, त्यामुळे जुना क्रम निरर्थक नव्हता. परंतु पूर्वतयारीची सक्ती केली की तयारी आणि कर्म दोन्ही लांबणीवर पडतात, म्हणून ती काढणेच अधिक शहाणपणाचे ठरते.

एक अपात्रता मात्र हिशेबाने किंवा खर्चाने हटत नाही. सर्वस्व दान करावयास सांगणाऱ्या विश्वजित् यागाच्या चर्चेत मीमांसकांनी ठरवले की यजमानाला ज्यावर स्वतःचे स्वामित्व आहे तेवढेच देता येते, आणि म्हणून राजालासुद्धा सगळी पृथ्वी दान करता येत नाही. लंडनमधील इमारतीत दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने सदनिका घेतलेल्याची खोली कितीही योग्य ठरली, तरी पंपाचा बाहेरचा भाग ज्या भिंतीला टांगायचा ती सहसा जमीनमालकाची असते, आणि त्याची लेखी परवानगी मिळेपर्यंत पुढचे काहीच सुरू होत नाही.