उलटलेली झोप
सिरोसिसमध्ये, म्हणजे निरोगी पेशींच्या जागी वण साचून यकृत घट्ट झाल्यावर, आतड्यात तयार होणारा अमोनिया पुरेसा गाळला न जाता रक्तावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो आणि रुग्णाची रात्र जागी, दिवस पेंगुळलेला होतो. पुढे सहीचे अक्षर बिघडते, ताणून धरलेले हात फडफडतात आणि शांत माणूस घरच्यांवर विनाकारण चिडतो. हा स्वभावदोष नसून यकृतजन्य मेंदूविकार आहे, हे कुटुंबाला बहुधा उशिराच कळते. लॅक्ट्युलोज या गोड, पातळ औषधाने दिवसातून 2 ते 3 वेळा मऊ शौचास होणे हेच उपचाराचे माप असते. याच आजारात होणारा जलोदर, म्हणजे पोटात साचणारे पाणी, मिठाने वाढत असल्याने ताटातले लोणचे-पापड जातात. डाळ-दूध मात्र, जुन्या समजुतीविरुद्ध, राहू द्यावे लागते, कारण प्रथिनांअभावी झिजलेले स्नायू अमोनिया निकामी करण्यास कमी पडतात.