दरडीखालचं जीवनमान

शनिवार-रविवारी कर्जत-खालापूरच्या फार्महाउसवर परदेशातून आलेले नातेवाईक जमले की एक वाद हमखास रंगतो: राहायला तिकडे बरं की इकडे? तिकडची वेळेवर येणारी गाडी, नळाचं थेट पिता येणारं पाणी. इकडचा शेजार, आईवडिलांजवळ असणं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. पण हा वाद घालतात ते सगळे निवड करू शकलेले लोक. समोरच्या डोंगरावरच्या वाडीला हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि माझ्या मते देशादेशांची तुलना तिथूनच सुरू व्हायला हवी.

19 जुलै 2023 च्या रात्री इरशाळगडाच्या माचीवरची इरशाळवाडी दरडीखाली गेली. 27 मृतदेह हाती लागले, 57 माणसं सापडलीच नाहीत. ठाकर आदिवासींच्या या वाडीवरचा सुळका मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून दिसतो. खाली मोरबे धरण आहे, ज्याचं पाणी नवी मुंबई पिते. वाडीला मात्र रस्ता नव्हता. जेसीबी वर चढेना, हवामानामुळे हेलिकॉप्टर उडेना. माणसांनी कुदळ-फावड्यांनी चिखल उपसला. मदतीला निघालेल्या एका अग्निशमन अधिकाऱ्याचा चढणीवरच हृदयविकाराने मृत्यू झाला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं.

तुलनेला जपान घेऊ, कारण उभे डोंगर, धो धो पाऊस आणि दरडी तिथेही आहेत. सरासरी आयुर्मान तिथे सुमारे 84 वर्षं, आपल्याकडे सुमारे 72. मानव विकास निर्देशांकाची क्रमवारी अशाच आकड्यांवर लागते, आणि सरासरीत इरशाळवाडी कुठेच दिसत नाही. जून 1999 मध्ये हिरोशिमा परिसरात दरडींनी माणसं गेली आणि 2000 मध्ये जपानने कायदा केला: धोक्याच्या उतारांचं सर्वेक्षण, तिथल्या बांधकामावर निर्बंध, लोकांना इशारा देण्याची व्यवस्था. तरीही ऑगस्ट 2014 मध्ये त्याच हिरोशिमात दरडींनी सत्तरहून अधिक बळी घेतले. त्यातल्या बऱ्याच वस्त्या धोक्याचं क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्याच नव्हत्या. म्हणजे यादीतून सुटणं तिथेही घडलं. फरक पडला तो त्यानंतर. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि सर्वेक्षणात जे आढळेल ते लोकांपुढे मांडणं बंधनकारक झालं. आपल्याकडे रायगड जिल्ह्यात 2005 मध्ये महाड तालुक्यातली जुई, दासगाव गाडली गेली, 2021 मध्ये त्याच तालुक्यातलं तळिये, आणि दोनच वर्षांत इरशाळवाडी. एका दरडीपासून दुसऱ्या दरडीपर्यंत शासन काय शिकलं, हे मला जीवनमानाचं सर्वांत प्रामाणिक माप वाटतं.

श्रीमंत देशाला हे परवडतं, असं उत्तर येतं. मला ते पटत नाही. डोंगरातून वाहून येणारी माती रोखण्यासाठी जपानने 1897 मध्येच कायदा केला, तेव्हा तो श्रीमंत नव्हता. आणि सह्याद्रीचा उतार हाताळण्याची विद्या आपल्याकडेही जुनी आहे. घाटमाथ्यावरच्या तलावांचं पाणी टाटांनी मोठमोठ्या नळांतून 1915 मध्ये खोपोलीत उतरवलं, 1922 मध्ये भिवपुरीत, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. या डोंगरांतून वीज गेली, पाणी गेलं, आता जमिनी जात आहेत. घ्यायचं होतं तेव्हा डोंगर नीट मोजला गेला.

राहिली इकडची माणुसकी. ती मी हलकी मानत नाही. इरशाळवाडीच्या त्या रात्री आसपासची माणसं आणि गिर्यारोहक भर पावसात, अंधारात वर गेले. जपानमध्ये एकटा राहणारा म्हातारा घरात मरून पडला तरी कित्येक दिवस कुणाला कळत नाही, असं घडतं. ठाकर डोंगरावर राहतो कारण नाचणी-वरीचं शेत आणि रान तिथे आहे. सिडकोने वाडीतल्या वाचलेल्यांना चौक गावाजवळ घरं बांधून दिली हे चांगलंच झालं, पण पक्क्या घराने रान भरून निघत नाही. मात्र शेजारी धावून आला ही थोरवी त्या शेजाऱ्याची. ती शासनाच्या खात्यावर जमा करता येत नाही.

माथेरानच्या डोंगराला बिलगून आजही कितीतरी वाड्या आहेत. प्रत्येक आश्रमशाळेत पर्जन्यमापक आणि तो वाचणारा शिक्षक हवा. धोक्याच्या उतारांची यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठीत हवी. किती पाऊस झाला की वाडीने उठून कुठे जायचं, तिथल्या खोलीची किल्ली कुणाकडे असेल, हे जूनपूर्वी ठरलेलं हवं. यातल्या एकाही गोष्टीसाठी जपानचं दरडोई उत्पन्न लागत नाही.